आठ रात्री, पाच बिछाने

मेलबर्नला राहणाऱ्या, बेळगावजवळच्या खानापूरच्या एका लेकीचं पत्र आलंय. ती लिहिते: "काकू, जानेवारीत आठ रात्रींची सवड आहे. आम्ही दोघं आणि सहा वर्षांचा मुलगा इकडून निघणार, आई-बाबा खानापूरहून. बाबा ७३, आई ६८, तिचे गुडघे दुखतात. मध्येच कुठंतरी भेटावं म्हणून व्हिएतनाम ठरवलं. शेजारीच कंबोडिया आहे आणि आईला अंगकोरचं विष्णूचं देऊळ बघायचंय. नवरा म्हणतो, एवढ्याशा सुट्टीत दोन देश कशाला, एकच देश नीट बघू. तुम्ही काय म्हणाल?"

सोबत दोन आराखडे आहेत. तिचा असा: हनोई दोन रात्री, हालोंगच्या खाडीत बोटीवर एक, दा नांग-होई आन दोन, हो ची मिन्ह सिटी एक, कंबोडियात अंगकोरजवळचं सिएम रीप दोन. नवऱ्याच्या आराखड्यात कंबोडिया गाळलाय आणि त्या दोन रात्री हनोई नि हो ची मिन्हला वाढवल्यात.

मी देश मोजलेच नाहीत. बिछाने मोजले. तुझ्या आराखड्यात पाच, नवऱ्याच्या आराखड्यात चार. म्हणजे जावईबापूंचा 'एकच देश' फार तर एका बॅगेनं हलका आहे, बाकी पळापळ तीच.

देश बदलला की दगदग वाढते, हा हिशोब आपल्या भागातल्या माणसाला तरी पटू नये. बेळगावहून कोल्हापूर ११० किलोमीटर आणि ते परराज्यात. आपल्याच राज्याची राजधानी बेंगळुरू ५०० किलोमीटरवर. महाराष्ट्रातल्या शिनोळीच्या एमआयडीसीत कामाला जाणारा गडी रोज दोनदा राज्य ओलांडतो आणि रात्री घरच्या भाकरीला हजर असतो. तिकडचंही तसंच. हनोई ते हो ची मिन्ह सिटी रेल्वेनं १७२६ किलोमीटर, तीस तासांच्या वर. आणि हो ची मिन्ह सिटीहून परदेशातलं सिएम रीप विमानानं तासाभरावर. त्या चिंचोळ्या देशाचं एक टोक ते दुसरं टोक करणं, याला 'एकच देश नीट बघणं' म्हणत नाहीत.

शिवाय जानेवारीत त्या एका देशात हवा तीन तऱ्हेची. हनोईत ढगाळ गारठा, स्वेटर लागतो. मधल्या होई आनच्या पट्ट्यात पावसाळा ऑक्टोबर-नोव्हेंबरात जोरात असतो, पण जानेवारीतही रिपरिप होते. दक्षिणेला कोरडं ऊन. सिएम रीपची हवा या दक्षिणेसारखीच, म्हणजे कपड्यांची एक बॅग तिथंच वाचली.

बिछान्यांवर मी एवढी का अडते, तर एकदा पोळलेय. मुलानं आम्हा दोघांना हौसेनं युरोप दाखवला, सात दिवसांत तीन देश. तिथं आम्हाला सीमेवर कुणी अडवलं नाही, आगगाडीत बसल्या बसल्या देश बदलला. पण प्राग सोडताना सकाळच्या गडबडीत ह्यांची रक्तदाबाच्या गोळ्यांची डबी न्हाणीघरातल्या काचेच्या फळीवर राहिली. व्हिएन्नाला उतरलो तो रविवार. औषधांची दुकानं बंद, पाळीवर उघडं असलेलं एक सापडलं, तिथं डॉक्टरांची चिठ्ठी हवी. ती चिठ्ठी बेळगावात टिळकवाडीतल्या घरी, फ्रिजवर चुंबकाखाली. दुपार त्यातच गेली. तिसऱ्या देशात पोचल्यावर हे पलंगाच्या कडेवर बसून म्हणाले, "बॅग भरायलाच आलोय काय गं आपण?" त्या प्रवासाचे फोटो पाहिले तर निम्म्यात मागं सुटकेसच दिसते.

मुक्काम हलला की अर्धा दिवस गेला असं धरून चाल. नाश्ता उरकून बॅगा बांधायच्या, विमानतळावर दोन तास आधी पोचायचं, उतरल्यावर खोली दुपारी दोनशिवाय मिळत नाही. सिएम रीपचा नवा विमानतळ ऑक्टोबर २०२३ मध्ये सुरू झाला, तो शहरापासून ४० किलोमीटरहून जास्त लांब, म्हणजे टॅक्सीत आणखी तासभर. चार मुक्काम हलवलेस तर दोन अख्खे दिवस हवेत गेले. आणि एक विसरू नकोस, तुझी सुट्टी आठ रात्रींची असली तरी आई-बाबांची खानापुरातल्या उंबऱ्यापासून सुरू होते. आधी रात्रीच्या बसनं मुंबई, मग विमान. दोन रात्रींची झोप तिथंच मोडलेली.

तेव्हा माझं म्हणणं असं, की दोन देश कर, पण गावं दोनच. हो ची मिन्ह सिटीत तीन रात्री, सिएम रीपला पाच. मेलबर्नहून आणि मुंबईहून, दोन्हीकडून हो ची मिन्हला थेट विमानं आहेत, त्यामुळं भेटायला तेच गाव सोयीचं. पहिला दिवस कुणालाही कुठं नेऊ नकोस, नातवाला आजीच्या कुशीत लोळू दे. मग एक सकाळ कू चीची युद्धकाळातली भुयारं, एक दिवस मेकाँग नदीच्या कालव्यांतून होडी, बस्स. हनोई-हालोंग राहू दे. ते पुढं कधी तुम्ही तिघं पाहाल. बाबा ७३ चे आहेत, त्यांच्यासोबत कंबोडिया 'पुढं कधी' वर टाकू नये. आईनं तोंडानं मागितलेली गोष्ट या सगळ्या यादीत ती एकच आहे.

सुट्टी पाच रात्रींहून कमी असती, तर मात्र मी जावयाच्या बाजूनं उभी राहिले असते.

आता व्हिसा, कारण दोन देशांचा खरा गुंता तिथं असतो. व्हिएतनामचा ई-व्हिसा एका प्रवेशाचा २५ डॉलर, अनेक प्रवेशांचा ५०. कंबोडिया करून परतीच्या विमानासाठी पुन्हा व्हिएतनामात शिरणार असाल तर ५० वालाच हवा. हे पंचवीस डॉलर वाचवायला गेलेली माणसं सिएम रीपच्या काउंटरवर अडतात. त्यापेक्षा परत फिरूच नका. सिएम रीपहून सगळे मिळून सिंगापूरला या, तिथून तुम्ही मेलबर्नला, आई-बाबा मुंबईला. तिकीट सलग एकच काढलं तर विमानतळाबाहेर पडावं लागत नाही, आणि अनोळखी विमानतळावरचं गेट शोधून द्यायला तू सोबत असशील. कंबोडियाचा ई-व्हिसा वेगळा, शिवाय विमानानं जाणाऱ्यांना ई-अरायव्हलचा, म्हणजे आगमनाच्या माहितीचा फॉर्म आधीच्या सात दिवसांत भरावा लागतो, तो फुकट आहे. पैसे मागणाऱ्या साइटवर जाऊ नकोस.

आई-बाबांचे फॉर्म तूच भर, पासपोर्टचा फोटो समोर ठेवून. आपल्याकडच्या जुन्या पासपोर्टांत कित्येकदा आडनावाचा रकाना रिकामा आणि सगळं नाव एका ओळीत असतं. जन्मस्थळ 'बेलगाम' छापलंय तर फॉर्मवरही 'बेलगाम'च. २०१४ च्या नोव्हेंबरात सरकारनं 'बेळगावी' केलं म्हणून आपण करायचं नाही. आणि 'बेळगाव'चा आपला अभिमान तिथं काढायचा नाही!

बसनं सीमा ओलांडायची हौस नको. हो ची मिन्हहून मोक बाई नाक्यावरून कंबोडियाच्या राजधानीला, नोम पेन्हला, बसला सहा-सात तास लागतात, नाक्यावर उतरून रांगेत उभं राहावं लागतं. कुणी थायलंड जोडायचं सुचवलं तर त्यालाही नाही म्हण. २०२५ मध्ये थायलंड आणि कंबोडियात लढाई झाली, जमिनीवरची नाकी बंद पडली. सीमेवर गडबड झाली की कोगनोळीच्या नाक्यावर एसटी कशी थांबते, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

अंगकोरचं तिकीट एका दिवसाचं ३७ डॉलर, तीन दिवसांचं ६२. तीन दिवसांचंच घे, ते दहा दिवसांत कधीही वापरता येतं, म्हणजे मध्ये गुडघ्यांना एक दिवस सुट्टी. बारा वर्षांखालच्या मुलाला तिकीट नाही, फक्त त्याचा पासपोर्ट जवळ ठेव. विष्णूच्या देवळाच्या सगळ्यात वरच्या मजल्याचा जिना फार उभा आहे आणि लहान मुलांना तिथं सोडतही नाहीत, तेव्हा आजी-नातवाला खालच्या पूर्वेकडच्या ओवरीत बसव. तिथं समुद्रमंथन कोरलंय, जवळजवळ ५० मीटर लांब. एकीकडून असुर, दुसरीकडून देव वासुकीला ओढतायत, मधोमध विष्णू, खाली कासव. दुसऱ्या सूर्यवर्मन राजानं बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात हे देऊळ बांधायला घेतलं. आपल्या हलशीचं भूवराह-नृसिंहाचं देऊळ त्याच शतकातलं. तुझ्या आईनं ते नक्की पाहिलं असणार. तिला गाइड लागणार नाही, उलट नातवाला गोष्ट तीच सांगेल.

जेवणाचं फार मनावर घेऊ नकोस. व्हिएतनाममध्ये 'चाय' (chay) पाटी असलेलं हॉटेल चहाचं नव्हे, शाकाहारी. एरवी मासळीचं पाणी कशातही असतं, भाजीतसुद्धा. सिएम रीपला आपल्याकडची हॉटेलं आहेत.

नोटांकडे मात्र लक्ष दे. व्हिएतनामची २०,००० ची नोट निळी आणि ५,००,००० चीही निळसरच. बाबांच्या पाकिटात मोठ्या नोटा ठेवूच नकोस. कंबोडियात डॉलर चालतात, पण कडेला जरा फाटलेला असला तर भाजीवालीसुद्धा परत देते.

आणि आई कुंद्याचा डबा आणणारच, आणू दे. तो सिएम रीपलाच संपवा. ऑस्ट्रेलियात दुधाची मिठाई आत नेऊ देत नाहीत, विमानतळावर तुझ्या डोळ्यांदेखत टोपलीत टाकतील.