की (ज्या गोष्टीवरून गट पाडायचा ती) नुसार ग्रुपिंगचं एपीआय, म्हणजे दुसऱ्यांच्या कोडनं वापरायची फंक्शनं, करतोयस ना, मग ओळी कॉपी करू नको

अरे बाबा, गट पाडताना अख्खे रेकॉर्ड उचलून वेगळ्या लिस्टमध्ये टाकू नको. समज लातूरच्या मोंढ्यातल्या लाखभर पावत्या हायेत, की म्हणजे माल, सोयाबीन, तूर, हरभरा. मेमरी फुगलीच म्हणून समज. फक्त ओळींचे इंडेक्स, म्हणजे कितवी ओळ ते नंबर, ठेव, आधी एकदा फिरून प्रत्येक वेगळ्या की ला हॅशमॅपनं (की दिली की तिचा नंबर झटकन देणारा तक्ता) गट-नंबर दे आणि कुठल्या की च्या किती ओळी ते मोज, त्यावरून कुठला गट कुठून सुरू होतो ते काढ, मग दुसऱ्या फेरीत इंडेक्स एकाच अ‍ॅरेत आपापल्या जागी टाक, सॉर्टची गरजच नाही आणि गटातला मूळ क्रम बी तसाच राहतो. की काढायचं फंक्शन मात्र ओळीमागं एकदाच, पहिल्या फेरीत चालव आणि आलेला गट-नंबर दुसऱ्या फेरीसाठी ठेवून दे, ते लई महाग असू शकतं.

डेटा आधीच सॉर्ट असंल तर त्याला वेगळं फंक्शन दे, नाव बी वेगळं. पायथनच्या इटरटूल्स लायब्ररीतलं ग्रुपबाय फंक्शन फक्त शेजारशेजारच्या सारख्या की जोडतं, नवीन पोरं तिथंच फसतात, नावावरून कळतच नाही ना!

आणि नुसती बेरीज पाहिजे असंल तर गट बनवूच नको, फिरता फिरताच बेरीज कर.