वेटसूट घेण्याआधी पाणी किती थंड ते विचारा

या वेळी आलेल्या प्रश्नांपैकी निम्म्याहून जास्त वेटसूटचे, म्हणजे गार पाण्यात ऊब टिकावी म्हणून घालायच्या अंगाला घट्ट रबरी सूटचे आहेत. आपल्याकडे पोहणं म्हणजे विहीर, नदी नाहीतर क्लबचा टँक, त्यामुळे अंगात रबर चढवून पोहायचं ही कल्पनाच नवी. पाच प्रश्न निवडलेत. त्यात येणारी आयर्नमॅन म्हणजे पोहणं, सायकल आणि धावणं सलग करायची ट्रायथलॉन शर्यत. ७०.३ म्हणजे तिचं अर्धं अंतर.

प्रश्न : गोव्याच्या आयर्नमॅन ७०.३ ला नाव नोंदवलंय. ग्रुपमधले मित्र म्हणतात, वेटसूट घेऊन टाक, पोहणं सोपं होतं. कोणता घेऊ? (नाशिक)

कोणताच घेऊ नका. मिरामारला १.९ किलोमीटर पोहायचं ते पावसाळ्यानंतरच्या अरबी समुद्रात, आणि ते पाणी चांगलंच कोमट असतं. आयर्नमॅनच्या शर्यतींत वयोगटातल्या, म्हणजे हौशी स्पर्धकांना २४.५ अंश सेल्सियसपर्यंत सूट चालतो. त्यापुढे २८.८ पर्यंत घालू देतात, पण वयोगटाचं बक्षीस आणि जागतिक स्पर्धेची जागा या दोन्हींवर पाणी सोडावं लागतं. २८.८ च्या वर सरळ बंदी.

नियम बाजूला ठेवला तरी अशा पाण्यात जाड रबर घालून अर्धा-पाऊण तास हातपाय मारले तर अंगातली उष्णता बाहेर पडायला वाटच राहत नाही. सायकलवर बसायच्या आधीच माणूस उकडून निघतो. गोव्याला ट्रायसूट, म्हणजे पोहणं, सायकल, धावणं तिन्हींत अंगावर ठेवायचा पातळ घट्ट पोशाख, पुरे. हौस असेल तर वरून स्विमस्किन घाला. ते नुसतं कापड असतं, त्यात रबर नसतं. वाचलेल्या पैशात दोन-चार वेळा कोकणात जाऊन, जाणत्या माणसाबरोबर समुद्रात पोहून या. खारं पाणी नाकातोंडात जाण्याची सवय सूट लावत नाही.

प्रश्न : पुढच्या ऑगस्टमध्ये कोपनहेगनची पूर्ण आयर्नमॅन करतोय. मेहुण्याकडे स्कूबाचा (पाण्याखाली डुबकी मारायचा) तीन मिलिमीटरचा सूट पडून आहे. तो चालेल, की नवाच घ्यायचा? (कोल्हापूर)

मेहुण्याचा सूट मेहुण्याकडेच राहू द्या. कोपनहेगनला अमागेरच्या किनाऱ्याशी ३.८ किलोमीटर पोहायचंय, पाणी गार असतं आणि बहुतेक सगळे सूटमध्ये असतात. पण स्कूबाचा सूट पाण्याखाली शांत तरंगण्यासाठी शिवलेला असतो. त्याला बाहेरून कापड असतं, ते पाणी धरतं, आणि खांदा मोकळा फिरत नाही. हजारेक हात मारून झाले की खांदे भरून येतात.

ट्रायथलॉनचा सूट बाहेरून गुळगुळीत असतो. त्याचं रबर, म्हणजे निओप्रीन, वायूच्या बारीक बंद बुडबुड्यांनी भरलेलं असतं. ऊब त्यामुळेच टिकते आणि अंगही त्यामुळेच उचललं जातं. छाती आणि मांड्यांवर ते जाड असतं, नियमाने जास्तीत जास्त पाच मिलिमीटर. खांदे-काखेत दीड-दोनच, म्हणजे हात फिरतो. आपल्यातले बरेच जण तिशी-चाळिशीत पोहायला शिकलेले. श्वास घ्यायला डोकं वर काढलं की यांचे पाय खाली जातात आणि माणूस तिरका होऊन पाणी ढकलत बसतो. सूट नेमके तेच पाय वर आणतो, म्हणून कच्च्या पोहणाऱ्याला फायदा जास्त. लहानपणापासून पोहणाऱ्याचे पाय मुळातच वर असतात. त्याने मांड्यांवर फार जाड असलेला सूट घेतला तर पावलं पाण्याबाहेर हवेत फडफडतात.

माप घेताना कंपनीच्या तक्त्यात उंचीपेक्षा वजन आणि छाती आधी बघा. ओर्का, झोन थ्री, हूब, प्रत्येकाचा तक्ता वेगळा, त्यामुळे मित्राचा ‘एम’ तुमचा ‘एम’ असेलच असं नाही. कोरड्या अंगावर सूट जरा जास्तच घट्ट वाटला पाहिजे. कमरेच्या मागच्या खोलगट भागात किंवा काखेत चिमटीत धरण्याइतकं रबर सुटत असेल तर तिथे पाणी साठणार, तो सूट मोठा आहे. घोटा किंवा मनगट थोडं उघडं राहिलं तर बिघडत नाही. आणि सगळ्यांत महागडा घेऊ नका. त्यांचं रबर इतकं नाजूक असतं की पहिल्याच दिवशी नख लागतं.

प्रश्न : सूट घातला की गळा आवळल्यासारखं होतं. परवा तलावात पन्नास मीटरवर घाबरून परत फिरलो. मला दमा वगैरे काही नाही. (पुणे)

दहातल्या आठ वेळा दोष घालण्याच्या पद्धतीत असतो. सूट खालून पुरता वर ओढलेला नसतो, मग तो खांद्यांना आणि गळ्याला खाली खेचत राहतो. घाई न करता पंधरा मिनिटं द्या. पायात प्लास्टिकची पिशवी घालून पाय आत सरकवा, पिशवी काढून घ्या. मग घोट्यापासून थोडं थोडं रबर बोटांच्या पेरांनी वर सरकवत न्या, नखांनी नाही. जांघेत जराही पोकळी राहता कामा नये. तिथे सूट नीट बसल्याशिवाय हात घालूच नका. हात घातल्यावर काखेतही तसंच करा. शेवटी दंडावरचं रबर खांद्याकडे सरकवा आणि मागची चेन दुसऱ्याला लावायला सांगा.

पाण्यात उतरल्यावर लगेच पोहायला लागू नका. गळ्याशी सूट ओढून थोडं पाणी आत घ्या. गार पाणी छातीला लागलं की श्वास आपोआप उथळ आणि भराभर होतो. तोंड पाण्यात घालून बुडबुडे सोडत राहा, एक-दोन मिनिटांत तो जागेवर येतो. एवढं करूनही गळा आवळला तर सूटचं माप चुकलंय. आणि पोहताना खोकला येऊन श्वास पुरेनासा झाला, फेस किंवा गुलाबीसर थुंकी आली, तर ही नुसती घबराट नाही. हात वर करून मदत मागा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

सरावासाठी टँक वापरलात तर दहा मिनिटांच्या वर नको. टँकचं पाणी गरम असतं आणि क्लोरीन रबराला मारक.

प्रश्न : मानेला रेघ उठून आग होते. व्हॅसलीन चालेल का? (ठाणे)

नको. पेट्रोलियम जेलीने रबर आणि शिवणीचा गोंद सैल पडतो. मेणाची खास काडी मिळते ती माने‌वर, काखेत आणि घोट्यावर लावा. घोट्यावर यासाठी की सूट काढताना तिथेच अडतो. किनाऱ्याला आल्यावर पळता पळता चेन ओढायची, सूट कमरेपर्यंत उतरवायचा आणि सायकलपाशी एका पायाने दुसऱ्या पायाचं रबर दाबून पाय उपसायचा. घरी चार वेळा करून बघा. घरचे हसतील, हसू द्या.

प्रश्न : शर्यत झाली, सूट आता वर्षभर लागणार नाही. मांडीवर नखाची खूण पडली आहे. मुंबईच्या दमट हवेत कसा ठेवू? (डोंबिवली)

ताई, नखाची खूण म्हणजे सूट वाया गेला असं नाही. माझ्या पहिल्या सूटच्या उजव्या मांडीवर तीन चंद्रकोरी आहेत. दोन्ही कडांना निओप्रीनचा सिमेंट, म्हणजे रबर चिकटवायचा गोंद लावा, डब्यावर लिहिलंय तेवढी मिनिटं थांबा, मग कडा दाबून जुळवा. छेद आरपार गेला असेल तर आतून पट्टी लावून घ्या.

ठेवण्याआधी सूट गोड्या पाण्यात बुडवून धुवा, वॉशिंग मशीन नको. आधी उलटा करून सावलीत वाळवा, मग सुलटा करून. उन्हात रबर कडक होतं. तारेच्या हँगरवर खांद्यांनी टांगू नका, जाड दांड्यावर कमरेतून दुमडून टाका. पावसाळ्यात महिन्यातून एकदा काढून पंख्याखाली ठेवा, नाहीतर आतल्या कापडाला बुरशी धरते. आणि गाडीच्या डिकीत तर अजिबात ठेवू नका, मे महिन्यात तर नाहीच.