कमी दिवसांचे बाळ आणि वजनकाटा
ताई, तुमचे बाळ ३२व्या आठवड्यात जन्मले आहे, त्यामुळे सर्वांत आधी वयाचा हिशेब बदला. ४० आठवड्यांना जितके आठवडे कमी पडले तितके वयातून वजा करायचे. म्हणजे आज चार महिन्यांचे असलेले बाळ वाढीच्या तक्त्यावर साधारण दोन महिन्यांचे धरायचे, आणि हा हिशेब दोन वर्षांचे होईपर्यंत ठेवायचा. लसी मात्र जन्मतारखेनुसारच द्यायच्या असतात. शेजारच्या बाळाशी होणारी तुलना एवढ्यानेच निम्मी थांबते.

रोज वजन करणे ही नव्या पालकांची नेहमीची चूक आहे. आठवड्यातून एकदा, त्याच काट्यावर, कपडे काढून वजन करावे, कारण एका ओल्या लंगोटाने दिवसभराची वाढ खोटी दिसू शकते. डोक्याचा घेर आणि लांबीही डॉक्टरांकडून नोंदवून घ्या. तक्त्यातील बारकावे सध्या त्यांच्यावरच सोडा.

बाकी पथ्ये थोडीच आहेत:
- गुटी, मध, पाणी देऊ नका, आजींनी कितीही आग्रह केला तरी.
- पावडरचे दूध दिलेच, तर ते पातळ करू नका.
- बाळ गुटगुटीत दिसू लागले म्हणून लोहाचे व ड जीवनसत्त्वाचे थेंब परस्पर थांबवू नका.

बाळ दूध पिताना दमून सोडून देत असेल, शू कमी झाली असेल किंवा आठवड्यात वजन वाढलेच नसेल, तर पुढच्या ठरलेल्या तारखेची वाट पाहू नका. डोळ्यांच्या पडद्याची तपासणी राहिली असेल, तर तीही लगेच करून घ्या.