पगार सांगितला म्हणून नोटीस

प्रश्न : हिंजवडीतल्या एका कंपनीत मी पाच वर्षं टेस्टिंगचं काम करते. इन्क्रिमेंटनंतर जेवणाच्या सुट्टीत आम्ही चौघांनी एकमेकांना पगार सांगितले. माझंच काम करणाऱ्या, माझ्यानंतर लागलेल्या एका सहकाऱ्याला माझ्यापेक्षा बराच जास्त पगार आहे. हे एचआरला कळलं आणि नोटीस आली ती मला एकटीला : नेमणूकपत्रातल्या गोपनीयतेच्या अटीचा भंग केला, तीन दिवसांत खुलासा द्या. नोकरी जाईल का?

उत्तर : 'पगाराविषयी बोलणं हा कायद्याने दिलेला हक्क आहे' असं तुम्ही कुठे वाचलं असेल, तर ते बहुधा अमेरिकेतल्या १९३५च्या कायद्याबद्दल असेल. खुलाशात ते वाक्य घालू नका. आपल्याकडे असा हक्क थेट देणारं कलम नाही. बोलायला बंदी करणारंही नाही. बंदी आहे ती फक्त करारातली. सही करताना ती अट कोण वाचतं म्हणा!

पण करार कायद्याच्या वर नसतो. वेतन संहिता, २०१९च्या कलम ३ नुसार एकाच मालकाकडे, सारख्या किंवा तशाच कामासाठी लिंगावरून वेतनात भेद करता येत नाही. मुंबईतल्या मॅकिनन मॅकेंझी कंपनीतल्या स्टेनोग्राफर ऑड्री डि'कॉस्टा यांच्या खटल्यात, आधीच्या समान वेतन कायद्याखाली, कंपनीने युनियनशी झालेला करार पुढे केला, आर्थिक अडचणही सांगितली. सर्वोच्च न्यायालयाने १९८७ साली दोन्ही सबबी नाकारल्या. तिथे वेतनश्रेण्या करारातच लिहिलेल्या होत्या, म्हणून तफावत दाखवता आली. तुमच्याकडे सहकाऱ्याने तोंडाने सांगितल्याशिवाय ती कळायची कशी? म्हणून माझं म्हणणं असं, की ही अट अशा चर्चेला लावली तर कलम ३ च निकामी होतं, आणि कायद्याचा हेतू हाणून पाडणारा करार भारतीय करार कायद्याच्या कलम २३ खाली टिकत नाही. हा युक्तिवाद आहे, हमी नव्हे.

खुलासा मुदतीत, लेखी आणि छोटा द्या. मी माझा स्वतःचा पगार सांगितला, कंपनीची कुठलीही नोंद उघडली नाही, हे त्यात स्पष्ट हवं. (एचआरच्या सिस्टिममधून कुणाचा आकडा काढला असेल, तर प्रकरण वेगळं आहे, मग उत्तर देण्याआधी वकिलाला भेटा.) चौघे बोलले असताना नोटीस एकटीलाच का, हेही विचारा. त्याच पत्रात वेतनातल्या भेदाची तक्रार नोंदवा. मग पुढे कारवाई झालीच, तर ती तक्रारीनंतरची ठरते आणि सूडबुद्धीचा मुद्दा तुमच्या हाती राहतो.

पुरुष सहकाऱ्याला जास्त मिळतं, एवढ्याने मात्र दावा सिद्ध होत नाही. कौशल्य, अनुभव, जबाबदारी सारखी आहे का, हे पाहिलं जातं. त्यामुळे हुद्द्यापेक्षा रोजच्या कामाचे कागद गोळा करा : अप्रेझल, कामाची वाटणी, पगाराच्या स्लिपा. ऑफिसच्या मेल घरच्या मेलवर पाठवू नका, त्यावरूनच दुसरी नोटीस येते. तो सहकारी पुरुष नसून स्त्री असेल, तर कलम ३ तुमच्या कामाचं नाही.

कंपनीने ऐकलं नाही तर कामगार आयुक्त कार्यालयात जा. वेतनाच्या दाव्याला तीन वर्षांची मुदत आहे, घाई नाही. घाई होईल ती एचआरच्या खोलीत, 'राजीनामा दिलात तर रेकॉर्ड स्वच्छ राहील' असं सांगून. तिथे सही करू नका.