जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतले १८६५० सेल (आतले नळकांडीसारखे लिथियम-आयन सेल) अजून चांगले आहेत का, हे घरी कसं तपासायचं?

मल्टीमीटरवर ४.२ व्होल्ट दिसले म्हणून खूश होऊ नका, थकलेला सेलही चार्ज केल्यावर तेवढे दाखवतो. खरी परीक्षा डिस्चार्जची. सेल ४.२ व्होल्टपर्यंत पूर्ण चार्ज करा, तासभर ठेवा, मग ०.५ अँपिअरच्या स्थिर करंटने ३ व्होल्टपर्यंत उतरवा. करंट गुणिले तास म्हणजे क्षमता: चार तास टिकला तर २ अँपिअर-तास, म्हणजे २००० एमएएच (मिलीअँपिअर-तास). मूळ सेल २६०० चा असेल तर सुमारे ७७ टक्के उरली. टॉर्चला चालेल, इलेक्ट्रिक सायकलच्या बॅटरी पॅकमध्ये मी घालणार नाही. हे मोजणारे टेस्टर-चार्जर मिळतात, हिशेबाची कटकट नको.

चार्ज होताना चांगलाच तापणारा किंवा नुसता ठेवल्यावर आठवड्यात व्होल्टेज गमावणारा सेल थेट ई-कचऱ्यात. २ व्होल्टखाली पडून राहिलेला सेल तर चार्जच करू नका, आतलं तांबं विरघळून शॉर्ट होऊ शकतो.