वाचक विचारतात : मोदकाबरोबर टोकाई आंबट का लागली?

प्रश्न (गुहागर) : मुलाने बुडापेस्टहून टोकाई असू या हंगेरीच्या गोड वाईनची अर्ध्या लिटरची बाटली आणली. लेबलवर ‘५ पुत्तोन्योश’ आहे. उकडीच्या मोदकांबरोबर घेतली, तर लिंबू पिळल्यासारखी आंबट लागली. बाटली खराब निघाली का?

उत्तर : नाही. चुकला तो जोडीदार. गूळ-खोबऱ्याचं सारण वाईनपेक्षा गोड असतं. ते खाल्ल्यावर जिभेला वाईनमधली साखर जाणवत नाही, आंबटपणा तेवढा उरतो. पदार्थ वाईनपेक्षा कमी गोड हवा, हा नियम इथे मोडून चालत नाही. मोदक बाप्पालाच राहू द्या.

हा आंबटपणा दोष नाही, त्याच्याशिवाय ही वाईन म्हणजे नुसता पाक. ईशान्य हंगेरीत बोद्रोग आणि तिसा या नद्या मिळतात, तिथे शरदात सकाळी धुकं आणि दुपारी ऊन असतं. धुक्यात द्राक्षांवर बोट्रायटिस बुरशी चढते. आपल्याकडे बुरशी म्हणजे मोहोरावरची भुरी, म्हणजे नुकसानच. आणि सतत पाऊस लागला तर हीच बोट्रायटिस तिथलीही द्राक्षं कुजवते. पण दुपार कोरडी मिळाली की सालीतून पाणी उडतं, मणी मनुक्यासारखे आकसतात, आणि फुर्मिंट जातीच्या द्राक्षातला मूळचा आंबटपणा साखरेबरोबर टिकून राहतो. हे मणी, म्हणजे ‘असू’, एकेक करून हाताने खुडतात आणि ताज्या रसात किंवा वाईनमध्ये भिजवतात.

‘पुत्तोन्य’ म्हणजे ते मणी वाहायची पाठीवरची टोपली, साधारण २५ किलोची. १३६ लिटरच्या पिंपाला किती टोपल्या घातल्या, तो जुना आकडा लेबलवर आला. आता साखर मोजतात : २०१३ च्या हंगामापासून असूला लिटरमागे किमान १२० ग्रॅम साखर लागते, ६ पुत्तोन्योशला १५०.

प्रश्न (मालवण) : मग आपल्या जेवणातलं काय चालेल?

उत्तर : आधी खारट आणि स्निग्ध शोधा, गोड नंतर. अख्खे काजू थोड्या तुपात मंद आचेवर बदामी होईपर्यंत परता आणि गरम असतानाच बारीक मीठ भुरभुरा. वाईनच्या आंबटपणाने तुपाचा थर कापला जातो आणि मिठामुळे गोडी खुलते. युरोपात निळ्या बुरशीचं चीज देतात, त्यामागचं गणित हेच. ओल्या काजूची उसळही जमते. तिखट बेताचं ठेवा आणि आमसूल वगळा. वाईनमधली साखर मिरचीची आग शमवते.

गोडात सांदण सगळ्यांत चांगलं. आंब्याच्या रसाचं करा, गूळ नेहमीच्या निम्मा घाला आणि नारळाच्या दुधाबरोबर वाढा. असूच्या जर्दाळू-मधाच्या वासाला आंबा शोभतो. पिकलेल्या हापूसच्या फोडी मात्र जपून, त्यांची गोडी वाईनशी बरोबरी करते. बरका फणस नको, त्याच्या वासापुढे कसलाच वास टिकत नाही. सोलकढीही नको : आंबटावर आंबट पडलं की वाईन मिळमिळीत लागते. बांगड्याच्या तिखल्यातलं तिरफळ तर तिला गिळूनच टाकतं.

माणशी ५०-६० मिली पुरे.

प्रश्न (अलिबाग) : आमच्याकडच्या उकाड्यात बाटली ठेवायची कुठे? तळाला खडेही दिसतात.

उत्तर : खडे साखरेचे नाहीत, काचेचेही नाहीत, ते द्राक्षातल्या टार्टारिक आम्लाचे क्षार. थंडाव्यात बसतात आणि निरुपद्रवी असतात. ओतताना बाटली हलवू नका.

मे महिन्यात माळ्यावर किंवा स्वयंपाकघरात ठेवलेली बाटली बिघडते : आतलं द्रव फुगून बूच वर सरकतं, हवा शिरते. वर्षानुवर्षं ठेवायची नसेल तर फ्रिजच बरा. दारात नको, आतल्या कप्प्यात. प्यायची १० ते १२ अंशांना, म्हणजे फ्रिजमधून काढल्यावर आपल्या हवेत दहा-पंधरा मिनिटांनी. बर्फ अजिबात नको. उघडल्यावर बूच घट्ट लावून फ्रिजमध्ये दोन-तीन आठवडे सहज टिकते. सोनेरी-तांबूस रंग वयाचा, त्याला घाबरू नका. फळाचा वास जाऊन शिळा वास आला, तर हवा लागली असं समजा.

प्रश्न (रत्नागिरी) : ‘सामोरोद्नी’ म्हणजे स्वस्तातली असू का?

उत्तर : टोकाईचीच, पण वेगळी वाईन. तिच्यासाठी मणी निवडत नाहीत. बुरशी चढलेले आणि न चढलेले, अख्खा घडच रगडतात. लेबलवर ‘एदेश’ असेल तर गोड, ‘साराझ’ असेल तर कोरडी, म्हणजे गोड नसलेली. तळलेल्या सुरमईच्या तुकडीबरोबर कोरडीच घ्या.