नव्यानं बांधलेलं इंजिन आणि पहिलं ऑइल

प्रीमियर पद्मिनी गाडीचं इंजिन बांधून झालं म्हणून लगेच महागडं सिंथेटिक ऑइल ओतू नकोस. पिस्टनच्या नव्या रिंगा सिलिंडरला थोड्या घासूनच नीट बसतात. साधं मिनरल ऑइल, २०डब्ल्यू-५० ग्रेडचं (हा जाडीचा आकडा), पुरे. मात्र झीज रोखणारं झिंक-फॉस्फरस भरपूर असलेलंच घे. या गाडीचे टॅपेट (कॅम, म्हणजे उंचवटे असलेला फिरता दांडा, त्याचा धक्का व्हॉल्व्हकडे नेणारे भाग) सपाट, कॅमवर घासत चालतात; हल्लीच्या बऱ्याच पेट्रोल ऑइलांत झिंक कमी असतं. कॅम नवा असेल तर स्टार्ट होताच २० मिनिटं इंजिन २००० आरपीएमच्या (मिनिटाला फेऱ्या) आसपास ठेव, आयडलवर, म्हणजे नुसतं मंद चालू, नको. (शेजारी ओरडतील, ओरडू देत!)

ठाण्याच्या घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये रिंगा बसणार नाहीत. रविवारी पहाटे नवी मुंबईचा पाम बीच रोड गाठ, वेग वाढव, अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढ, गाडी गिअरमध्येच मंदावू दे. घरी आलास की ऑइल, फिल्टर दोन्ही बदल. ८०० किलोमीटरला पुन्हा.